समून: टोकदार इराकी पाव इंदूरच्या घरी कसा भाजावा

समूनचा आकार शंकरपाळ्यासारखा असतो. दोन बाजूंना टोकं, मधे फुगीर पोट आणि पोटात पोकळी. हा आकार शोभेसाठी नाही. टोकं पातळ असतात म्हणून आधी भाजतात आणि कुरकुरीत होतात. मधला भाग जाड असतो म्हणून मऊ राहतो. तळाची कडक आच लागली की वरचा आणि खालचा पदर सुटतो आणि मधे जागा होते. त्यामुळे नेहमीच्या गोल पावाला शेवटी दोन्हीकडून चिमटे काढून टोकं आणली, तर दिसायला समून होतो पण खायला पावच राहतो. इथे मळण्यापेक्षा आकार आणि आच यांबद्दल जास्त सांगितलं आहे, ते याच कारणाने. रोज पोळ्या करणाऱ्या हातांना मळणं शिकवायची गरज नसते. यीस्टमुळे जे वेगळं करावं लागतं तेवढं सांगितलं की पुरे.

हा पाव आला कुठून

इराकचा खरा जुना पाव म्हणजे खुब्ज. मातीच्या तन्नूरच्या आतल्या भिंतीवर थापून भाजलेली ही गोल, पातळ रोटी आपल्या तंदुरी रोटीच्या घराण्यातली आहे. समून त्या घराण्यातला नाही. तो भिंतीवर चिकटवत नाहीत, सपाट तळाच्या भट्टीत थेट दगडी फरशीवर टाकतात. नाव तुर्की ‘सोमुन’वरून आलं आणि तुर्कीत ते ग्रीकमधून आलं. बोस्नियातही सोमुन नावाचा पाव आहे आणि रमजानमध्ये तो खास खपतो, पण तो गोल असतो. बगदाद १५३४ मध्ये सुलतान सुलेमानने घेतलं. सतराव्या शतकातली इराणच्या सफवींच्या ताब्यातली काही वर्षं सोडली, तर १९१७ मध्ये इंग्रजी फौज शिरेपर्यंत ते उस्मानी, म्हणजे तुर्कांच्या, साम्राज्यातच होतं. बाल्कनपासून बसऱ्यापर्यंत एकाच पावाचं नाव थोड्याफार फरकाने का ऐकू येतं, हे त्यावरून कळतं.

आकाराचा जवळचा नातलग मात्र जॉर्जियात सापडतो. तिथली शोती लांब असते आणि दोन्हीकडे निमुळती होत जाते. ती तन्नूरसारख्या खोल भट्टीच्या भिंतीवर भाजतात, म्हणून पातळ आणि वाकडी होते. समून फरशीवर भाजला जातो, म्हणून त्याचा तळ सपाट राहतो आणि पोट वर येतं.

इराकमध्ये आज दोन प्रकारचे समून मिळतात. दगडी भट्टीतला तो ‘हजरी’. टोकदार, पोकळ आणि तळाला खरपूस डाग असलेला हाच खरा. दुसरा विजेच्या ओव्हनमधला, सँडविचसाठी वापरतात तो लांबट, एकसारखा मऊ पाव. इथली कृती हजरीची आहे. दुसरा इंदूरच्या कुठल्याही बेकरीत लांब बनच्या रूपात मिळतोच, त्यासाठी घरी खटाटोप कशाला?

इंदुरात बोहरा वस्ती मोठी आहे. इराकमधल्या करबला-नजफच्या जियारतीला, म्हणजे तीर्थयात्रेला, जाऊन आलेल्यांच्या बोलण्यात हा पाव हमखास येतो. तिकडे तो सकाळी गैमर आणि खजुराच्या पाकाबरोबर खातात. गैमर म्हणजे म्हशीच्या दुधाची दाट साय. दुपारी तोच मधोमध फाडून त्यात फलाफल, तळलेलं वांगं किंवा कबाब भरतात आणि वर ‘अंबा’ ओततात. हा अंबा म्हणजे मेथी-हळदीचं कैरीचं पातळ लोणचं. मुंबईशी व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंमुळे ते तिकडे पोचलं, असं मानतात. नाव आपलंच आहे. त्याची थोडक्यात कृती शेवटी दिली आहे.

साहित्य

हे माप आठ समूनचं आहे, प्रत्येक उंडा साधारण १०५ ग्रॅमचा.

मैदा ५०० ग्रॅम
पाणी ३२५ मिली
इन्स्टंट ड्राय यीस्ट ५ ग्रॅम (दीड लहान चमचा)
साखर १० ग्रॅम
मीठ ९ ग्रॅम
तेल १५ मिली, वास नसलेलं
पोळपाटावर भुरभुरायला बारीक रवा

वाटीने मोजू नका. वाटीत मैदा दाबून भरला की चाळून भरला यावर वजन खूप बदलतं, आणि या पिठाला पाण्याचा फरक लगेच कळतो. साधा स्वयंपाकाचा डिजिटल काटा असला की काम भागतं.

मैदा घेताना पाकिटामागचा पोषणतक्ता वाचा. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं साडेदहा ग्रॅमच्या वर असतील तर उत्तम. नऊच्या आसपास असतील तर तो मैदा बिस्किटांना चांगला, पण त्याचे पदर वाफेचा जोर धरून ठेवत नाहीत आणि फाटतात. तसाच मैदा हाती असेल तर ५०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम गव्हाचं ग्लूटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) मिसळा आणि पाणी १० मिलीने वाढवा. सुटा मैदा टाळलेला बरा. किती जुना आहे ते कळत नाही आणि उन्हाळ्यात त्यात जाळी होते.

माळव्यात शरबती गव्हाचं पीठ घरात असतंच, मग मैदाच का, असा प्रश्न येतो. चक्कीवर दळलेल्या कणकेत कोंडा असतो. कोंड्याचे कण ग्लूटेनच्या पडद्याला बारीक बारीक चिरा पाडतात आणि त्यातून वाफ निसटते. शिवाय चक्कीच्या रगड्याने स्टार्च चेपला जातो, तो जास्त पाणी पितो आणि पीठ चिकट होतं. म्हणून १०० ग्रॅम मैद्याच्या जागी बारीक चाळलेली कणीक घालायला हरकत नाही, चव चांगलीच येते. फक्त पाणी १५ मिली जास्त घ्या. त्याहून जास्त कणीक घातली तर पोकळी मिळायची आशा सोडा. आरोग्यासाठी सगळी कणीकच हवी असेल तर सरळ बाफले (उकडून भाजलेल्या बाट्या) करा, ते इथे जास्त चांगले होतात.

मळणं आणि पहिलं फुगणं

परातीत मैदा, साखर आणि यीस्ट कोरडंच मिसळा. पाणी घालून पीठ नुसतं एकत्र करा, मळू नका. मीठ आणि तेल अजून घालायचं नाही. ओला पंचा झाकून २० मिनिटं ठेवा. एवढ्या वेळात मैदा पाणी पिऊन घेतो आणि पुढचं मळणं अर्ध्यावर येतं. मग मीठ आणि तेल घालून ८ ते १० मिनिटं मळा. सुरुवातीला पीठ हाताला चिकटेल. इथे सवयीने वरून कोरडा मैदा घालायचा मोह होतो, पोळीच्या कणकेला आपण तेच करतो. घालू नका. घातलेल्या प्रत्येक मुठीने पाव घट्ट होतो. तळहाताला तेलाचा थेंब लावून मळत राहा, सहाव्या-सातव्या मिनिटाला पीठ आपोआप परात सोडतं.

पीठ तयार झालं का हे बघायला लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणा. उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसेल असा पातळ पडदा न फाटता झाला पाहिजे. लगेच फाटला तर दोन-तीन मिनिटं आणखी मळा.

यीस्ट ‘इन्स्टंट’ नसून ‘ॲक्टिव्ह ड्राय’ असेल तर आधी कोमट पाण्यात जागवावं लागतं. मापातलंच १०० मिली पाणी मनगटावर सोसेल इतपत कोमट करा. त्यात मापातलीच थोडी साखर आणि यीस्ट घालून १० मिनिटं थांबा. वर फेस धरला नाही तर ते पाकीट टाकून द्या. उघडलेलं यीस्ट डब्यात घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवलेलं यीस्ट इंदूरच्या मे महिन्यात फार टिकत नाही.

हवेप्रमाणे माप बदलावं लागतं आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. मळून झाल्यावर पीठ हाताला साधारण २५-२६ अंशांचं, म्हणजे किंचित थंडसर लागलं पाहिजे. मे महिन्यात स्वयंपाकघर ३८ अंशांवर असतं. तेव्हा फ्रीजमधलं गार पाणी आणि ३ ग्रॅम यीस्ट घ्या, पीठ पाऊण तासात दुप्पट होईल. जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा कोमट पाणी आणि ७ ग्रॅम यीस्ट घेऊनही दीड-दोन तास लागतात. घाई असेल तर ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून, ओव्हन न तापवता, भांडं आत ठेवा. पावसाळ्यात मैदा दमट असतो. पाणी १० मिली कमी घालून सुरुवात करा आणि लागलं तर वाढवा.

घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. बोटाला मैदा लावून पिठात पेरभर खुपसा. खळगा हळूहळू, अर्धामुर्धा भरून आला तर पीठ तयार आहे. लगेच भरला तर थांबा. तसाच राहिला आणि आजूबाजूचं पीठही बसलं तर ते जास्त आंबलं आहे. अशा पिठाचा समून फिका राहतो, कारण पावाला रंग आणणारी साखर यीस्टने खाऊन टाकलेली असते.

आकार

पीठ परातीतून पोळपाटावर काढा, बुक्के मारून हवा काढू नका. १०५ ग्रॅमचे आठ भाग करा. प्रत्येक भागाच्या कडा खाली ओढून चिमटीने एकत्र करा. वरची बाजू ताणलेली आणि गुळगुळीत असा उंडा करा आणि जोड खाली ठेवा. ओल्या मलमलीने झाकून १५ ते २० मिनिटं विसावू द्या. ही विश्रांती गाळली तर पुढे टोकं राहणार नाहीत. पीठ रबरासारखं मागे येतं आणि ओढलेला समून तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा गोल होतो.

आता एकेक उंडा घ्या. पोळपाटावर चिमूटभर रवा. उंडा तळव्याने दाबून साधारण १२ सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर रुंद लंबगोल करा. लाटणं वापरू नका. लाटण्याने जाडी सगळीकडे सारखी होते आणि आपल्याला ती सारखी नकोच आहे. मग लंबगोलाच्या दोन्ही टोकांकडचा एक-एक तृतीयांश भाग हाताच्या कडेखाली घ्या, करंगळीच्या बाजूखाली, आणि मागेपुढे फिरवून निमुळता करा. मधला भाग हाताखाली येऊ देऊ नका. टोक पेन्सिलीसारखं बारीक झालं की थांबा. बारीक टोक शेवटी पाऊण सेंटीमीटर आत दुमडून दाबून टाका. हे महत्त्वाचं आहे, कारण अगदी पातळ टोक पोट शिजायच्या आत कोळसा होतं. दुमडलेलं टोक फक्त खरपूस होतं.

आता मधल्या पोटावर तळहात ठेवून एकदाच, समान जोराने दाबा. पोटाची जाडी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास, टोकांपाशी सात-आठ मिलिमीटर. लांबी १६-१७ सेंटीमीटर, मधली रुंदी नऊ-दहा. बोटं रुतवून खळगे पाडायचे नाहीत आणि काट्याने टोचायचं तर मुळीच नाही. टोचलेल्या जागी दोन पदर एकमेकांना शिवल्यासारखे होतात आणि पोकळीचे तुकडे पडतात. बिस्किटांना भोकं पाडतात ती पदर सुटू नयेत म्हणूनच, समूनचं बरोबर उलटं आहे.

तयार समून रवा भुरभुरलेल्या सुती कापडावर ठेवा आणि मधे कापडाची चुणी करा म्हणजे एकमेकांना चिकटणार नाहीत. वरून ओलसर कापड घाला आणि २० ते २५ मिनिटं थांबा, उन्हाळ्यात १२ ते १५. वरची त्वचा सुकता कामा नये. पंख्याखाली ठेवलेल्या समूनला पाच-सात मिनिटांत कोरडी साल येते. ती ओव्हनमध्ये ताणली जात नाही, फाटते, आणि वाफ बाजूने निघून जाते. न फुगलेल्या समूनमागे जी कारणं असतात, त्यांत छताच्या पंख्याचा नंबर फार वरचा आहे आणि त्याच्यावर कोणाचाच संशय जात नाही.

ओव्हनमध्ये टाकायच्या क्षणी शेवटची कृती. हात ओले करा, दोन्ही टोकं धरा आणि समून हवेतच दीड-दोन सेंटीमीटर हलकेच ओढा. ओढल्यामुळे पोटाचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो, ओल्या हाताने त्याला पाण्याचा पातळ थर मिळतो आणि लांबी १८-१९ सेंटीमीटरवर येते. तीळ हवे असतील तर याच ओल्या पृष्ठभागावर टाका.

आच

पोकळी कशी होते ते एकदा समजलं की कुठल्या साधनावर काय करायचं ते आपोआप सुचतं. समून तापलेल्या दगडावर पडताक्षणी खालचा पदर घट्ट होतो. थोड्या वेळाने वरून येणाऱ्या उष्णतेने वरचा पदर घट्ट होऊ लागतो. मधल्या ओल्या पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्यामुळे ती दोन पदरांना एकमेकांपासून ढकलते. हे सगळं पहिल्या तीन-चार मिनिटांत व्हावं लागतं. आच मंद असेल तर पीठ हळूहळू आतपर्यंत शिजून जाळीदार होतं, आणि वाफ जन्मेपर्यंत सुटण्यासारखा पदरच उरत नाही.

ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये): तापमान २५० अंश, वरची आणि खालची दोन्ही सळई चालू. खालच्या खाचेत पिझ्झाचा दगड, नाहीतर कुंभाराकडचा मातीचा जाड तवा किंवा उलटा ठेवलेला जाड लोखंडी तवा. ४५ मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असं समजू नका. हवा दहा मिनिटांत तापते, दगडाला पाऊण तास लागतो. नवा मातीचा तवा आधी रात्रभर पाण्यात ठेवून, पूर्ण वाळवून, मंद आचेवर तापवून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी तडकेल. चकचकीत लेप असलेली फरशी वापरू नका. घराच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडाही नको, एकदम तापल्यावर तो फुटू शकतो.

रवा भुरभुरलेल्या पातळ फळीवर किंवा उलट्या ट्रेवर एक-दोन समून घ्या, झटक्याने दगडावर सरकवा आणि दार लगेच बंद करा. ८ ते १० मिनिटं. चौथ्या मिनिटापर्यंत पोट टम्म झालं पाहिजे. सहाव्याला समून फिरवून ठेवा, कारण ओटीजीत मागचा भाग जास्त तापतो. वाफेसाठी ओव्हनमध्ये पाणी फवारण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ओटीजीत ती करू नका. तापलेल्या काचेवर किंवा सळईवर थेंब पडला तर ती तडकते. समूनवर हाताने लावलेलं पाणी पुरेसं असतं. प्रत्येक घाण्यानंतर दगड पाच मिनिटं पुन्हा तापू द्या. पहिले दोन छान फुगतात आणि पुढचे बसके होतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

बाटीच्या गॅस तंदुरात: इंदुरात ओटीजी नसलेल्या घरातही हा असतोच. ॲल्युमिनियमचा गोल, घुमटासारखं झाकण आणि त्याला भोकं. हा तंदूर तळातून चांगला तापतो, वरून फारच कमी. जाळीवर आत मावेल एवढा लोखंडी किंवा मातीचा तवा ठेवा. झाकण लावून मोठ्या आचेवर १५ मिनिटं तापवा. तंदुराला आतून नॉनस्टिकचा लेप असेल तर हे करू नका, रिकाम्या भांड्यात कडक आचेवर तो लेप खराब होतो. उंडे ८० ग्रॅमचे करा आणि समून १४ सेंटीमीटरपर्यंत ठेवा, म्हणजे आत मावतो. एका वेळी एकच. झाकणाची भोकं बंद ठेवून आच मध्यम करा, ६ ते ७ मिनिटं. पोट फुगेल पण वरून पांढरंच राहील. तेव्हा चिमट्याने उलटा करून दीड मिनिट ठेवा किंवा जाळीवर थेट आचेवर फुलक्यासारखा फिरवा. दोन्ही बाजूंना एकदम आच मिळत नसल्यामुळे पोकळी ओटीजीपेक्षा लहान येते. टोकांचा कुरकुरीतपणा मात्र अगदी बरोबर जमतो.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह २२०-२३० अंशांपर्यंत जात असेल तर तापवलेल्या लोखंडी तव्यावर ठीकठाक समून होतो, ११-१२ मिनिटं लागतात. एअर फ्रायरमधला पंखा वरची साल पहिल्याच मिनिटाला सुकवतो, त्यात करू नका. नुसत्या तव्यावर झाकण ठेवून केला तर तो नान होतो. चवीला वाईट नाही, पण समून म्हणून कोणाला वाढू नये.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गल्लीतल्या बेकरीची लाकडाची भट्टी. घरचं सामान नेऊन नानखटाई भाजून घ्यायची सवय अजून काही बेकऱ्यांत आहे, तिथे विचारून बघावं. फक्त वेळ नीट ठरवा. नानखटाई पावाचे घाणे निघाल्यावर, उतरत्या भट्टीत भाजतात. समूनला त्याच्या उलट चढती भट्टी लागते, निखारे ओढून फरशी पुसल्यावर लगेच, पावाच्या आधी. पत्र्याच्या ट्रेत भाजू नका म्हणून आधीच सांगा, थेट फरशीवर टाकायला सांगा. तिथे पाचेक मिनिटांत काम होतं. नजर हटवू नका.

काढल्या काढल्या समून सुती कापडात गुंडाळून टोपलीत ठेवा. वाफेने साल मऊ होते आणि पाव घडी घालता येतो. अगदी कुरकुरीत हवा असेल तर जाळीवर उघडा ठेवा. स्टीलच्या डब्यात झाकण लावून गरम ठेवलात तर तळ ओला होईल.

बिघडलं तर

एका बाजूला पोकळी आणि दुसरी बाजू भरीव निघाली, तर दाबताना हात तिरका पडलेला असतो किंवा समून दगडाच्या कडेवर अर्धा बाहेर होता. बाजूने फाटून वाफ गेली असेल तर उंड्याचा जोड बघा. जोडाला कोरडा मैदा लागला की तो चिकटत नाही आणि पहिल्या वाफेला तिथूनच उघडतो. म्हणून उंडे वळताना पोळपाट कोरडा ठेवा, रवा आकार देतानाच वापरा, तोही चिमूटभर. जास्त रवा किंवा मैदा तळाला जळतो आणि कडू लागतो. दगडावर उरलेला काळा भुसा प्रत्येक घाण्यानंतर सुक्या फडक्याने, हातात जाड मोजा घालून, झटकून टाका.

टोकं काळी आणि पोट कच्चं असेल तर टोक दुमडायचं राहिलं, किंवा समून ओव्हनमध्ये टाकताना फार ओढला गेला. पोट आतून ओलसर आणि चिकट लागत असेल तर घाईने फाडलं आहे. दहा मिनिटं थांबा, आतली वाफ तेवढ्या वेळात पाव शिजवत असते. तासाभरात कडक होणारा समून मंद आचेवर फार वेळ भाजलेला असतो. लोक त्यावर तेल वाढवून उपाय करतात, खरा उपाय तापमान वाढवून वेळ कमी करण्याचा आहे. रंग येत नसेल तर पीठ जास्त आंबलं नव्हतं ना ते आधी बघा. तसं नसेल तर टाकायच्या आधी हाताला पाण्याऐवजी अर्धं दूध-अर्धं पाणी लावा. आंबूस, दारूसारखा वास येत असेल तर यीस्ट जास्त झालं आहे, उन्हाळ्यात हमखास. आणि पीठ अचानक भराभर फुगलं, हाताला ढिलं लागलं, तर मीठ घालायचं राहिलं का ते चाखून बघा. मीठ मागाहून घातल्यामुळे ते विसरणं सोपं असतं. म्हणून सुरुवातीलाच मोजून परातीशेजारी वाटीत काढून ठेवावं.

खाणं आणि उरलेलं

सकाळचा गैमर इथे सहज जमतो, कारण म्हशीचं दूध चांगलं मिळतं. एक लिटर साय न काढलेलं दूध आणि २०० मिली साय जाड, पसरट पातेल्यात अगदी मंद आचेवर तासभर ठेवा. उकळी येऊ द्यायची नाही, ढवळायचंही नाही. तसंच झाकून थोडं निवल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी वरचा जाड थर काढा. खजुराचा पाक हवा असेल तर पाव किलो बिनबियांचा मऊ खजूर अर्धा लिटर पाण्यात शिजवून गाळा आणि रस मधासारखा होईपर्यंत आटवा. गरम समून फाडून आत गैमर आणि वर पाक. समूनमध्ये अंड्याची भुर्जी भरलीत तर वर चिमूटभर जिरावन (पोह्यांवर टाकतात तो इंदुरी मसाला) टाका. इराकी माणूस भुवया उंचावेल, पण चव जुळते.

अंब्यासाठी अर्धा किलो कैरी सोलून पातळ काप करा, ५० ग्रॅम मीठ लावून बरणीत भरा आणि चार दिवस उन्हात ठेवा, रोज हलवा. सुटलेलं पाणी गाळून पातेल्यात घ्या. त्यात दोन लहान चमचे भाजलेल्या मेथीची पूड, दोन लहान चमचे हळद, एक मोठा चमचा मोहरीची पूड, चवीपुरतं तिखट आणि १०० मिली व्हिनेगर घाला. उकळी आल्यावर काप टाकून दहा मिनिटं मंद शिजवा. अर्धे काप वाटून परत मिसळले की ओतण्याइतकं दाट होतं. मेथी भाजताना काळी होऊ देऊ नका, सगळा कडूपणा तिथूनच येतो. मीठ जास्त वाटलं तर पाण्याने पातळ करा, साखर घालू नका. फ्रीजमध्ये काचेच्या बरणीत ठेवा आणि कोरड्या चमच्यानेच काढा.

समून त्याच दिवशी खाण्याचा पाव आहे. फ्रीजमध्ये ठेवला तर बाहेर ठेवण्यापेक्षा लवकर शिळा होतो. उरणार असतील तर पूर्ण गार झाल्यावर पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका, तीन आठवडे चालतात. खाताना गोठलेलाच समून ओल्या हाताने चोळून २०० अंशांवर चार-पाच मिनिटं गरम करा. शिळे झालेले तुकडे बगदादी न्याहारीसारखे वापरता येतात. भिजवून शिजवलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) गरम पाण्यात तुकडे बुडवून ताटलीत पसरा, वर बाकला, त्यावर तळलेलं अंडं, कडकडीत तेल आणि सुका पुदिना. लिंबू पिळा. तुकडे बुडवून लगेच काढा, जास्त वेळ राहिले तर लगदा होतो.